तात्या झोपत नाहीत

माणिकतात्या वाक्य अर्ध्यावर ठेवून झोपत आणि जागे झाले की उरलेलं वाक्य तिथूनच पुढे बोलत. मध्ये पाच मिनिटं गेली काय आणि पाव तास गेला काय, तात्यांच्या लेखी तिथे फक्त एक स्वल्पविराम असे.

एकदा आमच्या गल्लीतल्या मुलीच्या सोयरिकीसाठी पूर्णेहून पाहुणे आले होते. पोहे झाले, मुलगी पाहून झाली. मुलाच्या वडिलांनी गावातलं वजनदार माणूस म्हणून तात्यांना विचारलं, "मुलीबद्दल तुमचं काय मत?"

तात्या म्हणाले, "पोरगी सोन्यावाणी हाय, पण..." आणि त्यांची हनुवटी छातीवर टेकली.

तो 'पण' बैठकीत लोंबकळत राहिला. मुलीच्या बापाच्या कपाळावर घाम आला. मुलाच्या आईनं पोह्यांची बशी हळूच खाली ठेवली. मुलाच्या मामानं टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. तात्यांना हलवायची सोय नव्हती, कारण मध्येच उठवलं तर पुढचं वाक्य विसरतात असा गावाचा अनुभव होता; आणि असा 'पण' कायमचा अर्धा राहिला असता तर ती मुलगी जन्मभर घरात बसली असती. सगळे बसून राहिले. दहा मिनिटांनी तात्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "...पण ती गेल्यावर आमच्या गल्लीत आल्यागेल्याला पानी कोन इचारंल?"

लग्न ठरलं. मुलीच्या बापानं मात्र पुढे वर्षभर तात्यांना कुठल्या बैठकीला बोलावलं नाही.

आमचं गाव झरीपासून कोसभर आत. तिथल्या शाळेत मी मास्तर होतो आणि तात्या माझे शेजारी. वय साठीच्या पुढे. देवानं त्यांना मान दिलीच नव्हती. गाडग्यावर गाडगं ठेवावं तसं डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. मिशा पांढऱ्याशुभ्र. पोट असं की स्वतःच्या धोतराच्या निऱ्या त्यांनी कित्येक वर्षांत पाहिल्या नसाव्यात. शेती चांगली, स्वभाव त्याहून चांगला. एकच गोष्ट त्यांना खपत नसे, ती म्हणजे 'तात्या, झोप लागली होती का?' हा प्रश्न.

"मी झोपत न्हाई रे मास्तर," ते म्हणायचे. "डोळ्याला जरा सावली करतो."

आणि कुणी जास्तच हसलं तर, "डोळे मिटले म्हंजे मानूस घरात न्हाई, आसं समजू नको. कडी आतून हाय."

आता ही कडी आतून किती पक्की असे, ते वालूरच्या बैलांनी दाखवून दिलं. तात्यांची जुनी जोडी म्हातारी झाली म्हणून त्यांनी वालूरच्या एका शेतकऱ्याकडून नवी जोडी आणली. जुन्या बैलांना सवय होती. तात्या गाडीत बसले की झोपत; बैल त्यांना शेतात नेत, संध्याकाळी घरी आणत, आणि दोन्हीकडे पोचल्यावर उभे राहून त्यांच्या उठण्याची वाट बघत. नव्या बैलांना तात्यांचा स्वभाव कुणी सांगितला नव्हता. सकाळी तात्या गाडीत बसले, वेशीबाहेर पडताच डोळ्यांना सावली केली, आणि बैलांनी मोकळ्या कासऱ्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. दुपार कलल्यावर तात्यांनी डोळे उघडले तेव्हा गाडी वालूरला, बैलांच्या जुन्या मालकाच्या अंगणात उभी होती.

मालक म्हणाला, "का हो पाटील, जोडी परत करायला आलाव का?"

तात्या म्हणाले, "मी कुठं आलो? बैल आले. मी संगट व्हतो."

ही गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगत आणि सांगता सांगता झोपत.

हे झालं दिवसाचं. रात्रीचे तात्या ओसरीवर निजत. आमच्याकडे घरात सून आली की सासऱ्याची बाज ओसरीवर जाते आणि सासू माजघरात राहते. हे कुणी सांगत नाही, कुणी ठरवत नाही. सुनेचं माप ओलांडून होतं आणि बाज आपोआप बाहेर येते. तात्यांचा थोरला दिगंबर, त्याचं लग्न झालं त्या वर्षापासून तात्या बाहेर आणि कौसल्याकाकू आत. मध्ये एक भिंत आणि एक दार.

ओसरीवर पूर्वी गडीही निजायचा. तात्यांच्या घोरण्यापुढे त्यानं हात टेकले आणि आपली वाकळ गोठ्यात नेली. "बैल बरे, मालक," तो म्हणाला, "एका चालीत रवंथ करत्यात." तात्यांच्या शेजारी फक्त त्यांचे चुलतभाऊ आबा टिकले, कारण ते ठार बहिरे होते.

कौसल्याकाकूंबद्दल गावाचं मत एका वाक्याचं होतं, की बाई चांगली पण हाताची ढिली. त्यांच्या हातून सारखी भांडी पडत. दुपारी पडत, पहाटे पडत, मध्यरात्री पडत. त्यांच्या घरची झाकणी वाजली की आमच्या घरी आई म्हणायची, "पडली गं बाई." थोरली सून शांता विहिरीवर हात नाचवून सांगायची, "आमच्या आत्याबाईच्या हाताला भोकं हायेत." कुणी म्हणे हातात वात आहे, कुणी म्हणे नजर लागली. दिगंबरनं कुठूनसं कडू तेल आणून दिलं, ते काकूंनी मुकाट्यानं दोन महिने हाताला चोळलं. भांडी पडतच राहिली.

अशात तात्यांना हर्निया झाला. तो कधीचाच होता, पण तात्या त्याला हातानं आत दाबत आणि "आतडं हाय, फिरायला जातं," असं म्हणून सोडून देत. एके दिवशी ते आतडं फिरायला गेलं आणि परत येईना. तात्या गुरासारखे ओरडायला लागले. नशिबानं तेव्हा माझ्या घरी डॉक्टर सोनटक्के भाड्यानं राहत होते. सरकारी दवाखान्यात नवीनच लागलेले, औरंगाबादला शिकलेले, किडकिडीत, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या गळ्याकडे बघायची सवय असलेले. त्यांनी तात्यांना आडवं घातलं, तासभर खटपट करून आतडं आत बसवलं आणि दिगंबरला बजावलं, "या खेपेला बसलं. पुढच्या खेपेला नाही बसलं तर माणूस जाईल. परभणीला नेऊन ऑपरेशन करून घ्या."

दुखणं थांबल्याबरोबर तात्या तिथेच झोपले. डॉक्टर हात धुऊन निघाले होते, ते उंबऱ्यात थांबले. परत आले. तात्यांच्या नाकापाशी वाकून उभे राहिले. बराच वेळ. मग बाहेर येऊन मला म्हणाले, "मास्तर, पंचाईत आहे. हे झोपेत श्वास घ्यायचे थांबतात की काय, अशी मला शंका आहे."

मी म्हटलं, "थांबतात म्हणजे?"

"म्हणजे थांबतात. घसा मिटतो. मग जीव घाबरा होतो, माणूस अर्धवट जागा होतो, श्वास घेतो, पुन्हा झोपतो, पुन्हा थांबतो. रात्रभर. ऑपरेशन नाही केलं तर हे आतड्यानं मरतील. केलं आणि भूल दिल्यावर घसा असाच मिटला, तर टेबलावर मरतील. भूल देणाऱ्याला आधी सांगितलं पाहिजे. पण सांगायचं तर मला खात्री हवी."

खात्री करायची कशी? डॉक्टर म्हणाले, खरं तर मोठ्या शहरात नेऊन रात्रभर निजवून बघायला हवं. ते विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. आज मोर्चा, उद्या बंद. औरंगाबादची एसटी सुटली तरी कुठे अडेल याचा भरवसा नव्हता. आणि तिथे जाऊन तरी निजवून बघायची सोय असेल याची खुद्द डॉक्टरांनाच खात्री नव्हती. त्यांच्याजवळ होता तो त्यांच्या कुणा सरांनी दिलेला एक कागद. त्यावर काही प्रश्न. तेवढ्यावर भागवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर कागद उघडला तेव्हा निम्मी गल्ली हजर होती.

"तात्या, तुम्ही घोरता का?"

"मला कसं कळंल? मी तर तिथं नसतो."

"घोरतात का म्हंजे?" गडी मधेच म्हणाला. "जिंतूरची एसटी चढाला लागल्यावाणी."

"दिवसा झोप येते?"

"येत न्हाई. ती माझ्यापाशीच ऱ्हाती."

"झोपेत तुमचा श्वास थांबतो, असं कुणी कधी सांगितलंय?"

तात्यांनी डॉक्टरांकडे अतिशय दयेनं पाहिलं. "डॉक्टरसाहेब, श्वास थांबला आसता तर माझं तेरावं जेवून लोक घरी गेले आसते. शिकल्याल्या मानसानं आसं इचारू न्हाई."

"तात्या, मला तर वाटतं, तुम्ही रात्री झोपतच नाही."

एवढं मोठं विधान आमच्या गावात कुणी केलं नव्हतं. तात्या न झोपणारे! म्हणजे मारुतीला उडता येत नाही म्हणण्यासारखंच. दिगंबर माझ्या कानाशी लागला, "मास्तर, हे डॉक्टर पास झाल्याले हायेत ना?"

मग डॉक्टरांनी शिंप्याची टेप मागवली आणि तात्यांच्या गळ्याचं माप घेतलं. गळा कुठे सुरू होतो हे शोधण्यातच थोडा वेळ गेला. माप कागदावर लिहिलं. झालं! संध्याकाळपर्यंत गावात बातमी पसरली की सरकार साठीच्या वरच्या लोकायला सदरे शिवून द्यायलंय आणि तात्यांचा नंबर पहिला लागलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या अंगणात म्हाताऱ्यांची रांग. एक जण तर नातवाच्या पाठीवर बसून आला होता. डॉक्टरांनी काही खुलासा करण्याऐवजी चक्क टेप काढली. एकेकाच्या गळ्याचं माप घेत त्यांनी सगळ्यांना तेच प्रश्न विचारले, आणि म्हाताऱ्यांनीही सदऱ्यासाठी झोपेची चौकशी कशाला, असं मनात आणलं नाही. सरकार काय, काहीही विचारतं. एकानं फक्त जाता जाता सांगितलं, "बाह्या लांब ठिवा."

पण तात्यांचं कोडं सुटेना. कागदावरचा मुख्य प्रश्न होता, शेजारी झोपणाऱ्यानं काय पाहिलं? शेजारी झोपत होते आबा. त्यांच्या कानात तोंड घालून, खाणाखुणा करून प्रश्न पोचवला. आबांनी विचार करून साक्ष दिली, "मानिक? लय शांत झोपतो. कधी आवाज म्हून न्हाई."

डॉक्टर घायकुतीला आले. "अहो, यांच्या पत्नीला विचारा ना!"

आता ओसरीवर कुणी कुणाकडे बघेना. दाराआड काकूंच्या बांगड्या हलल्या.

"काकू," डॉक्टरांनी दाराकडे तोंड करून विचारलं, "रात्री तात्यांचा श्वास थांबल्याचं तुमच्या लक्षात आलंय का?"

"मला काय ठाव," आतून बारीक आवाज आला. "मी आत आसते."

शांता पदरात तोंड घालून हसली. दिगंबर म्हणाला, "डॉक्टरसाहेब, म्हातारीला कामून इचारायलाव? ती आत आसती, तात्या भाईर. तिला काय दिसतंय?"

"मग तात्यांना झोपेत बघतं कोण?"

कुणीच नाही, हे उत्तर होतं. पंचवीस माणसांच्या गल्लीत सगळ्यांनी तात्यांना झोपलेलं पाहिलं होतं, आणि तात्यांच्या झोपेकडे पाहणारं कुणी नव्हतं.

परभणीच्या ऑपरेशनची तारीख जवळ आली होती. डॉक्टर म्हणाले, "मीच बघतो." दुपारी तात्या पिठलं-भाकरी खाऊन ओसरीवर आडवे झाले, शेजारी आबाही. डॉक्टर त्यांच्या उशाशी घड्याळ घेऊन बसले, मी पायथ्याशी. दिगंबर खांबाला टेकून उभा. एसटी चढाला लागली. वर गेली, आणखी वर गेली, आणि एकदम बंद. डॉक्टरांनी बोट वर केलं. तात्यांचं पोट हलत होतं, छाती हलत होती, पण नाकातोंडातून काही येत-जात नव्हतं. मी मनात मोजायला लागलो. दहा. पंधरा. अठरा...

खण्ण! आत झाकणी पडली.

तात्या दचकले, घशातून मोठा आवाज काढून त्यांनी श्वास ओढला आणि पुन्हा घोरायला लागले.

"पडली," दिगंबर सवयीनं म्हणाला.

दोन मिनिटांनी पुन्हा तसंच. आवाज चढला, बंद झाला, मी अठरापर्यंत आलो आणि आत तांब्या पडला. तात्यांनी श्वास ओढला.

तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी तात्यांकडे पाहिलंच नाही. ते दाराकडे बघत होते. तिकडून आवाज आला तसे ते हसले. मला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलं. मग ते दाराशी गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "काकू, आता एक वेळ भांडं पाडू नका. मला मोजायचंय."

आत तांब्या हळूच खाली ठेवल्याचा आवाज आला.

तात्यांचा आवाज पुन्हा चढला आणि थांबला. दहा. वीस. झाकणी नाही, तांब्या नाही. पंचवीस. तात्यांच्या ओठांचा रंग मला बरा दिसेना. तीस. डॉक्टर घड्याळावरून डोळे हलवत नव्हते, पण त्यांचा दुसरा हात तात्यांच्या खांद्याजवळ आला होता. पस्तीस...

धाडकन दार उघडलं. कौसल्याकाकू परात घेऊन ओसरीवर आल्या. मुलगा समोर, परका माणूस समोर, डोक्यावरचा पदर खांद्यावर, ज्या बाईचा आवाज आम्ही शेजाऱ्यांनी उभ्या जन्मात उंबऱ्याबाहेर ऐकला नव्हता, ती ओरडली, "मोजायलाव काय! जीव जायलाय त्यायचा!" आणि परात फरशीवर आपटली.

आबांनीसुद्धा डोळे उघडले.

तात्या श्वास ओढत उठून बसले. बायकोला समोर पाहून ते पार गोंधळले. "तू कामून भाईर आलीस? आग लागली का?"

काकू खाली बसल्या. डॉक्टरांनी त्यांच्यासमोर मांडी घातली आणि विचारलं, "किती वर्षं झाली, काकू?"

"बाज भाईर गेली, त्याच्या दुसऱ्या सालापासून."

"पहिल्यापासून परातच लागते?"

"न्हाई." काकू जमिनीकडे बघून बोलत होत्या, पण बोलल्या. "पैल्यांदा वाटीनं भागायचं. वाटी पडली की घ्यायचे श्वास. मग वाटीनं उठनात. मग झाकनी केली, तांब्या केला. आता थंडीत परातीबिगर न्हाई उठत."

डॉक्टर ते सगळं कागदावर लिहून घेत होते. दुखणं कसं वाढत गेलं याचा इतका चोख इतिहास मला आजवर कुणी दिला नाही, असं ते नंतर म्हणाले. मी स्वतः तो कागद पाहिलाय. वाटी, झाकणी, तांब्या, परात, एकाखाली एक.

"आत्याबाई, मग सांगितलं का न्हाई?" शांता आतून म्हणाली. तिचा आवाज पडला होता.

"काय सांगू?" काकू म्हणाल्या. "रातभर भिताडाला कान लावून बसते म्हून सांगू? तुमी सुना. हसला आसता."

शांतानं आपले हात पदराखाली घेतले. विहिरीवर नाचवलेले हात तिला आठवले असावेत.

तात्या इकडून तिकडे बघत होते. त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हंजे डॉक्टरसाहेब, तुमी म्हन्ता मी झोपत न्हाई. ही म्हनती ही झोपत न्हाई. मग ह्या घरात झोपायलंय कोन?"

दिगंबरनं आबांकडे बोट दाखवलं.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टर सोनटक्के स्वतः आले. भूल देणाऱ्या डॉक्टरांपुढे त्यांनी कागद ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि विचारलं, "परात?" सोनटक्क्यांनी सगळं सांगितलं. मग ठरलं की पूर्ण भूल द्यायची नाही, पाठीत सुई देऊन फक्त खालचा भाग बधिर करायचा, आणि झोपेच्या औषधाचा थेंबही द्यायचा नाही. ऑपरेशनभर तात्या जागे होते. सर्जनला त्यांनी वालूरची गोष्ट सांगितली म्हणे.

खरी कसोटी पुढे होती. वॉर्डात आणल्यावर दमलेले तात्या लगेच झोपणार. शेजारी कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बसायला हवं होतं. दिगंबर म्हणाला, मी बसतो. डॉक्टर म्हणाले, "तू बस, पण ओळखणार काकू." आणि काकूंना त्यांनी समजावलं, "इथं भांडी वाजवायची नाहीत. बाकीचे पेशंट टाके घेऊन पळतील. श्वास थांबला की खांद्याला हात लावायचा आणि हलवायचं."

काकूंनी वॉर्डाकडे नजर फिरवली. दोन्हीकडे खाटा, खाटांवर पुरुष, त्यांचे नातेवाईक, आपला मुलगा, आपली सून, मी. "समद्याम्होरं?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांसमोर."

तात्यांचा डोळा लागला. घोरणं सुरू झालं, चढलं, थांबलं. काकूंचा हात पदराबाहेर आला आणि वाटेत थांबला. खाटेच्या लोखंडी कडेवर टेकून राहिला. मी मोजत होतो. मला वाटतं, आम्ही सगळेच मोजत होतो. तेवढ्यात शांता एकदम उठली, खिडकीशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. जाता जाता नवऱ्यालाही कोपरानं ढोसून तिनं त्याचं तोंड खिडकीकडे फिरवलं. मीही छताच्या पंख्याकडे पाहायला लागलो. मागून आवाज आला, "आवो. आवो, श्वास घ्या."

तात्यांनी घेतला.

गावी परतल्यावर डॉक्टरांनी औषधाच्या कागदावर चार गोष्टी लिहून दिल्या. वजन उतरवा. झोपेच्या गोळ्या कुणी दिल्या तरी घेऊ नका. उताणं झोपू नका. आणि चौथी, पत्नीनं शेजारी निजावं. खाली सही, सहीखाली दवाखान्याचा शिक्का. काकूंनीच शिक्का मागून घेतला होता.

तिसऱ्या गोष्टीसाठी शांतानं तात्यांच्या बंडीला पाठीच्या बाजूनं खिसा शिवला आणि त्यात चिंचोक्यांची पुरचुंडी भरली. उताणं झालं की चिंचोके टोचत. तात्या गावभर सांगत सुटले, "सुनंनं पाठीला दुश्मन शिवलाय." चौथ्या गोष्टीसाठी दिगंबर आणि शांतानं काकूंची बाज उचलून ओसरीवर आणली. आबांना पडवीत हलवावं लागलं. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आपलं काय चुकलं.

गावाला हे पचायला वेळ लागला. विहिरीवर एकीनं टोमणा मारलाच, "काय कौसल्याबाई, म्हातारपनी बाज भाईर आली म्हनं!" काकूंनी कमरेचा बटवा सोडला, त्यातून घडी घातलेला कागद काढला आणि तिच्यापुढे धरला. "चार नंबरचं वाच," त्या म्हणाल्या. "सरकारी हाय."

वर्षभरात तात्या थोडे उतरले. दिवसाची झोप पार गेली नाही, पण वाक्यं बहुतेक एका दमात पुरी व्हायला लागली. लोकांना खरं तर चुकल्यासारखं झालं. डॉक्टर सोनटक्क्यांची बदली झाली. काकूंच्या हातून भांडी पडायची बंद झाली, आणि कडू तेलाची ती बाटली दिगंबरनं बैलांच्या शिंगांना लावून संपवली.

सहा वर्षं त्या दोन बाजा ओसरीवर शेजारी शेजारी होत्या. मग काकू गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त. जाणार ते तात्या, असं सगळ्यांनी, तात्यांनीसुद्धा, गृहीत धरलं होतं.

तेराव्यापर्यंत तात्या आडवे झाले नाहीत. खांबाला पाठ लावून बसत आणि डोकं पडायला लागलं की दचकून सावरत. दिगंबर म्हणाला मी शेजारी निजतो, शांता म्हणाली मी दाराशी बसते. ते कुणालाच हो म्हणेनात. चौदाव्या दिवशी दुपारी मी गेलो. डोळे लाल, चेहरा सुजलेला. मी म्हटलं, "तात्या, पडा जरा. मी बसलोय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला वळखू येईल का? थांबल्यालं?"

"येईल."

ते कुशीवर आडवे झाले. क्षणात घोरायला लागले. मी इतका जवळ सरकलो की त्यांचा श्वास माझ्या हाताला लागत होता. आवाज चढला, आणि थांबला. मी मोजायला लागलो, पण मला काही ते सोसलं नाही. आठवर आलो नाही तोच मी त्यांचा खांदा धरून गदागदा हलवला.

तात्यांनी डोळे उघडले.

"लवकर उठवलंस," ते म्हणाले. "ती इतकी घाई न्हाई करायची."

आणि पुन्हा डोळे मिटले. ती किती थांबायची, हे झोपलेल्या माणसाला कसं ठाऊक, ते मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. श्वास पुन्हा थांबला, तेव्हा मी अठरापर्यंत मोजलं.